मागचं डावं चाक

गॅरेजकडे जाणाऱ्या पाइपमध्ये टक् असा आवाज झाला आणि घर पुन्हा गप्प झालं. ताप उतरलेली माझी मुलगी लोआ सोफ्यावर झोपली होती. बाळ बाहेर, भिंतीच्या आडोशाला, बाबागाडीत नाकापर्यंत लोकरीचं पांघरूण ओढून झोपलं होतं. आमच्याकडे आइसलँडमध्ये बाळं दुपारी बाहेरच झोपवतात, आतल्या कोंदट हवेत आजारी पडतात म्हणे. पाइप वाजला म्हणजे माझ्या बाबाने गॅरेज तापवणाऱ्या गरम पाण्याचा कॉक पूर्ण सोडला होता. म्हणजे टायर चिकटवायला घेतले होते.

पिकअपचं काम मेंढ्या डोंगरावरून खाली आणून झाल्यापासून चाललं होतं. गाडी ओडुरची, माझ्या नवऱ्याची. तो मासेमारीच्या बोटीवर असतो, निम्मा वेळ समुद्रात. बाबाने ग्राइंडर लावून चाकांवरचा पत्रा कापायला घेतला त्या दिवशी ओडुर घरी होता, पण त्याला ते बघवेना आणि तो आत जाऊन बसला. "मासा कापतानाही डोळे मिटतो का गं हा?" बाबाने मला विचारलं, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं. मग गाडी उचलली, रुंद मडगार्ड बसवली, लोआच्या खांद्याला लागतील एवढी चाकं आली. नदीत उतरलं तर पाणी शिरू नये म्हणून ॲक्सलच्या हवेच्या नळ्या वर बॉनेटपर्यंत नेल्या. बॉनेटखाली हवा भरायचा छोटा पंप बसवला. फेरफार केलेल्या गाड्या तपासणारा माणूस बराच वेळ खाली आडवा होऊन बघत राहिला, आणि उठून एवढंच म्हणाला, की वेल्डिंग ज्याने केलंय त्याला माझा नमस्कार सांगा.

याची हौस कुणालाच नव्हती. आमची दरी पठाराच्या अलीकडे आणि लोआची शाळा पलीकडे. बर्फ पडल्यावर पठारावरचा रस्ता आठवड्यातून दोनदाच साफ होतो. लोआ सहा वर्षांची आहे. पठार ओलांडता आलं नाही, तर तिनं हिवाळाभर गावात आत्याकडे राहायचं आणि शनिवार-रविवारपुरतं घरी यायचं, असं ओडुरच्या बहिणीशी बोलून ठरलेलं होतं. बिचारीने खोलीही रंगवून ठेवली होती. मी त्या खोलीचा फोटो पाहिला आणि फोन पालथा ठेवून दिला.

मऊ बर्फावरून जायचं तर टायरमधली हवा जवळजवळ सगळी सोडावी लागते. मग टायर मांडी घालून बसल्यासारखा पसरतो आणि गाडी बुडत नाही. पण इतक्या कमी हवेत तो रिंगवरून निसटूही शकतो. म्हणून त्याच्या कडा सोल्युशन लावून रिंगला चिकटवायच्या आणि सोल्युशन वाळेपर्यंत गॅरेज गरम ठेवायचं. बाबाने फर्मान काढलं होतं, की उद्या सकाळपर्यंत गॅरेजचं दार कुणी उघडायचं नाही, मांजरानेसुद्धा नाही. मला म्हणाला, तूही जरा पड, डोळे बघ तुझे. बाळाकडे कोण बघणार, असं मी विचारलं तर म्हणाला, मी आहे ना. मी लोआच्या पायाशी आडवी झाले आणि उठले तेव्हा अंधारून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाळाला शेजारच्या स्टेइनाकडे सोडलं आणि आम्ही तिघं निघालो. स्टिअरिंगवर मी, शेजारी बाबा, मागे लोआ. बाबाने आधीच सांगून टाकलं, की शाळेच्या फाटकाला हात लावून परत घरी आलो तर लोआ घरी राहील, नाहीतर आजच आत्याला फोन करायचा. तो असंच बोलतो, हवामानाच्या बातम्या वाचल्यासारखा.

चढ संपल्यावर मी हवा सोडली. रस्ता दिसत नव्हता, नुसते कडेचे पिवळे खांब दिसत होते. गाडी बर्फावरून इतकी अलगद चालली होती, की लोआ म्हणाली, आपण बोटीत आहोत. मी एका खांबाला वळसा घालत होते तेवढ्यात गाडी मागून डावीकडे बसली. उतरून पाहिलं तर मागच्या डाव्या चाकाचा टायर रिंग सोडून बाहेर आला होता.

माझ्या डोळ्यांपुढे ती रंगवलेली खोलीच आली. बाबा गुडघ्यांवर बसला. हातमोजा काढून त्याने बोट टायरच्या कडेवरून फिरवलं, मग ते माझ्यासमोर धरलं. बोटाला सोल्युशन लागलं होतं, अजून ओलं.

"हे चाक दाराजवळ होतं," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी बर्फात बसले.

"बाळ उठलं तर ऐकू यावं म्हणून मी दार उघडं ठेवलं. फटीएवढंच. मग ते कुरकुरलं, मी बाहेर जाऊन बाबागाडी हलवत बसलो, आणि दार तसंच राहिलं."

आयुष्यभर दुसऱ्यांना दारं लावायला सांगणारा माणूस. मला रागवायचं होतं, पण माझ्या डोळ्यांपुढे तो थंडीत बाबागाडीची दांडी धरून बसलेला दिसत होता आणि राग काही जमेना. मी मागच्या हौद्यातलं सामान काढायला गेले. त्याने माझ्या हातातून जॅक घेतला, क्षणभर धरून ठेवला आणि परत दिला.

"तूच कर. मी रोज नसणार आहे गाडीत."

मी बर्फावर फळी टाकली, गाडी उचलली, टायरच्या कडेतला बर्फ बोटांनी खरवडून काढला. थंडीत इंजिन चालू करायला वापरतात तो फवारा टायरच्या आत मारला; तो पेटून फुगला की टायर धक्क्याने रिंगवर बसतो. लोआला खिडकी बंद करून कान झाकायला सांगितलं. लांब काडीच्या टोकाला पेटती वात धरून पुढे केली. पहिल्यांदा नुसती निळी ज्योत आली आणि विझली. बाबा खिशात हात घालून उभा होता. एवढंच म्हणाला, कंजूषपणा नको. दुसऱ्यांदा जास्त फवारलं. ढप्प असा आवाज झाला आणि टायर उडी मारून रिंगवर बसला. मी पळत जाऊन पंपाची नळी लावली. 

त्या चाकात हवा जरा जास्त ठेवून, पायी चालण्याच्या वेगाने, आम्ही पठार ओलांडलं. शाळेला रविवारचं कुलूप होतं. लोआने फाटकाला हात लावला, आजोबालाही लावायला लावला, आणि आम्ही वळलो.

परतीच्या चढावर बाबा म्हणाला, "आज घरी गेल्यावर पुन्हा चिकटवू."

"आणि दार?"

"बाळाला आत झोपवू."

"घरात? आजारी पडेल ना ते."

"हो, तेही आहेच," तो म्हणाला, आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदाच हसला. मग खिशातून सुक्या माशाचं पुडकं काढून एक तुकडा मागे लोआला दिला. "लोआ घरीच राहील," तो चघळत म्हणाला. "आत्याला मी सांगतो. खोली रंगवली ते वाया जाणार नाही, अडकलात तर रात्री तिथेच राहा."

मला हे ऐकायचं होतं. गेले तीन महिने हेच ऐकायचं होतं. पण तोवर वारा सुटला होता आणि जमिनीलगत बर्फ पळायला लागला होता. पुढचे तीन खांब दिसत होते, मग दोन. रेडिओवरच्या बाईने पूर्व आइसलँडचं हवामान सांगितलं. संध्याकाळपर्यंत वारा वाढेल, मग उतरेल. मी वेग कमी केला. एक खांब दिसला की त्याच्यापर्यंत जायचं, मग दुसऱ्याची वाट बघायची.  मी बाबाकडे पाहिलं. तो काचेतून बाहेर बघत होता, पण पुढे जायचं की थांबायचं, ते मला सांगत नव्हता.

पठार संपलं. खाली आमच्या दरीतले दिवे दिसायला लागले. स्टेइनाच्या घराचा दिवा कुठला, ते लोआने बोटाने दाखवलं. मग ती दोन सीटांच्या मधून पुढे वाकली. तिच्या तोंडाला माशाचा वास होता.

"आई, उद्यापासून तूच नेणार ना मला?"

"हो."

"रोज?"

"जमेल त्या दिवशी."

 काचेवरचा वायपर दोनदा फिरला.

"मग जायचं नाही असा दिवस असेल, तर तो तुला कसा कळणार?"