जोडसायकल विकणे आहे

मास्तरीणबाईंनी सायकलची चेन पुन्हा एकदा फडक्याने पुसली, मागचं चाक उचलून गरकन फिरवलं आणि कान देऊन ऐकलं. कुठेही कुरकुर नव्हती. मग हात पुसून त्यांनी फोन उचलला आणि गिऱ्हाइकाने सकाळी पाठवलेला निरोप परत वाचला. ‘निघालोच आहे.’

आता दुपार कलली होती.

“आला का?” आतल्या खोलीतून मास्तरांनी विचारलं.

“वाटेत असेल.”

“सकाळपासून वाटेत आहे म्हणजे चालत येतोय की रांगत?”

मास्तरीणबाईंनी फोन लावला. आधी नुसतीच रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला तर फोन बंद. त्यांनी सायकल ओढत दारातून आत आणली, बोळात भिंतीला टेकवली आणि शिलाई मशीनवर अर्धवट पडलेला पडदा पुढे ओढला.

सायकल दोघांची होती, म्हणजे अगदी शब्दशः दोघांची. एकामागे एक दोन सीटं, दोन हँडलं, चार पायडलं. पुढच्याने वळवायचं, ब्रेक लावायचा, घंटी वाजवायची. मागच्याने फक्त पायडल मारायचं. लग्नानंतर दोनेक वर्षांनी मास्तर ती कुणाच्या तरी अंगणातून मोडक्या अवस्थेत घेऊन आले होते. स्वतः खपून त्यांनी ती उभी केली, आणि तेव्हापासून दर सुट्टीच्या सकाळी दोघं कालव्याच्या रस्त्याने फिरून येत. मास्तर पुढे, बाई मागे. मास्तरांचं मोटार शिकवण्याचं स्कूल होतं. निम्म्या शहराला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं होतं. डॉक्टर, वकील, एक न्यायाधीशसुद्धा त्यांच्या ओरड्याखाली गिअर बदलायला शिकले होते. घरात मात्र स्टिअरिंग असो की हँडल, ते मास्तरांच्याच हातात असायचं. बाईंना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. मागे बसलं की गप्पा मारता येतात, असं त्या म्हणायच्या.

मग मास्तरांच्या डोळ्यांत काहीतरी बिनसलं. दोन्ही डोळ्यांच्या ऐन मध्यावर एक करडा डाग येऊन बसला. कडेचं सगळं दिसायचं, नेमकं समोरचं तेवढं पुसलं जायचं. समोर माणूस उभा राहिला की मास्तर त्याच्या कानाच्या पलीकडे बघत बोलायचे, म्हणजे कडेने त्याचा चेहरा थोडा हाती लागायचा. स्कूल बंद झालं. मास्तर घरात बसले, आणि ज्या आवाजाने चौकातले पादचारी दचकत, तो आवाज आतल्या खोलीत हळूहळू विझत गेला. बोळातून जाता-येता त्यांचा हात सायकलच्या पुढच्या हँडलला लागायचा, तिथे क्षणभर थांबायचा आणि पुढे सरकायचा. एक दिवस ते म्हणाले, “विकून टाक ती. उगाच जागा अडवते.”

बोळ चांगला ऐसपैस होता. दोघांनाही ते ठाऊक होतं. बाईंनी लेकीला फोन केला, लेकीने तिकडून जाहिरात टाकली, आणि दुसऱ्या दिवसापासून घराला जणू पायवाट फुटली. फक्त त्या वाटेवरून येणारं कुणी घरापर्यंत पोचत नव्हतं.

एकाने नमस्कार-चमत्कार न करता पहिलाच प्रश्न टाकला, ‘लास्ट किती?’ बाईंनी लिहिलं, ‘आधी बघून तर जा.’ त्याने जाहिरातीतल्या किमतीच्या निम्मी किंमत लिहिली. बाईंनी नाही म्हटल्यावर उत्तर आलं, ‘मला एकच सीट पाहिजे, मागचा अर्धा भाग कापून निम्म्यात द्या ना.’ दुसऱ्या एका गृहस्थाने हँडलची उंची, सीटची रुंदी, दोन चाकांमधलं अंतर, सगळं मोजून मागितलं. बाईंनी टेप लावून एकेक माप कळवलं. शेवटी तो म्हणाला, सायकल घ्यायची नाहीये, त्याच्या घराच्या जिन्यातून एवढी लांब वस्तू वर जाईल का, ते त्याला बघायचं होतं. येणार होता खरं तर सोफा.

“काय सांगतेस!” मास्तर म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले.

बाईंनी सुईतला दोरा सोडून त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी एकही गिऱ्हाईक वाया जाऊ दिलं नाही. जो येईन म्हणून येत नसे, त्याची नक्कल संध्याकाळी मास्तरांसमोर होई. “आज कोण नाही आलं?” असं मास्तर जेवताना स्वतःहून विचारू लागले.

जे आले, त्यांची तर आणखीनच तऱ्हा. व्यायामशाळेत शिकवणारा एक दांडगा गडी आला. चालवून बघायची म्हणाला, पण मागे कुणीतरी हवं. बाईंनी पदर खोचला आणि आपल्या नेहमीच्या जागी बसल्या. त्याने चार गल्ल्या अशा काही पळवल्या, की घरी परतताना बाईंच्या अंबाड्यातल्या पिना रस्त्यात सांडल्या होत्या आणि गाल लाल झाले होते.

“एक नंबर!” तो म्हणाला. “उद्या येऊन घेऊन जातो. कुणाला देऊ नका हं, काकू.”

दुसऱ्या दिवशी त्याने बाईंचा नंबर ब्लॉक केला.

“त्याने गिअर कितीवर ठेवला होता?” मास्तरांनी विचारलं.

“मला काय माहीत. मी डोळे मिटले होते.”

नवीन लग्न झालेलं एक जोडपं आलं. पुढे कोण बसणार यावरून दोघांची फाटकापाशीच जुंपली. आधी हसत हसत, मग न हसता, मग दोघांच्या आया काय म्हणाल्या होत्या तिथपर्यंत गाडी गेली. शेवटी दोघं वेगवेगळ्या बसने घरी गेली. सायकलला कुणी हातही लावला नव्हता.

आणि मग औषधांच्या दुकानात काम करणारी एक बाई आली. ठेंगणी, चष्मेवाली, बोलण्यात भलतीच उत्साही. तिला आणि तिच्या भावाला वजन कमी करायचं होतं. सायकल तिने सगळीकडून चाचपून पाहिली, घंटी वाजवून बघितली आणि चालवायची वेळ आल्यावर एकदम मागे सरकली.

“मी मागे बसते. तुम्ही घ्या पुढे.”

“मी?” मास्तरीणबाई म्हणाल्या. “मी कधी पुढे बसलेली नाही.”

“पण सायकल तुमची आहे ना?”

बाईंनी दाराकडे पाहिलं. मास्तर उंबऱ्यात येऊन उभे होते. नजर बाईंच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी लावून ते ऐकत होते.

“बस की,” मास्तर म्हणाले. “काय होतंय.”

बाई पुढे बसल्या. समोर कुणाचीही पाठ नव्हती, नुसता रस्ता होता, उघडाबोडका आणि नको तितका रुंद. हँडल हातात धरल्याबरोबर ते जिवंत असल्यासारखं डावी-उजवीकडे वळायला लागलं.

“मुठी आवळू नकोस!” मास्तरांचा आवाज कडाडला. पलीकडच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी शेजारीण दचकून वळली. कित्येक महिन्यांनी गल्लीने तो आवाज ऐकला होता. “चाकाकडे बघू नकोस! जिथे जायचंय तिथे बघ! आधी सांग तिला, एक-दोन म्हणून दोघींनी एकदम पाय मारा! अगं, एकदम म्हणजे एकदम!”

पहिल्या खेपेला त्या कुंपणाच्या झुडपात शिरल्या. दुसऱ्या खेपेला शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्याला घासून गेल्या. तिसऱ्या खेपेला कोपरा आला आणि बाईंनी तो घेतला. मागची बाई आनंदाने किंचाळली, बाईंनी गरज नसताना घंटी वाजवली, आणि मास्तर दारात उभे राहून दिसत नसलेल्या सायकलला ओरडून सांगत राहिले, “ब्रेक मागचा आधी! मागचा आधी!”

“घेतली मी!” औषधवाली उतरता उतरता म्हणाली. तिचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. “रविवारी सकाळी भावाला आणि टेम्पोला घेऊन येते. पक्कं.”

रविवारी दोघं लवकर उठली. बाईंनी सायकल शेवटची पुसली. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला. का, ते बाईंनी विचारलं नाही. फाटकाजवळ दोन खुर्च्या टाकून दोघं बसली. दूधवाला गेला, पेपरवाला गेला, फुगेवालासुद्धा गेला. टेम्पोचा आवाज आला की मास्तर मान वळवत. टेम्पो पुढे निघून जाई.

मग फोनवर निरोप आला. बाईंनी तो वाचून दाखवला. “भाऊ म्हणतो, आपण त्यापेक्षा पोहायला जाऊ. सॉरी हं काकू, पण त्या दिवशी फार मजा आली.”

बाईंना वाटलं, आता नक्कल करावी. पण मास्तर हसले नाहीत. खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत राहिले.

“बरं झालं,” थोड्या वेळाने ते म्हणाले. मग स्वतःच्याच बोलण्याला दचकले.

बाई उठल्या. आत गेल्या आणि मास्तरांचे बूट घेऊन आल्या. बुटांवर धूळ होती. ती त्यांनी आपल्या पदराने झटकली.

“पाय पुढे करा.”

“कुठे जायचंय?”

“कालव्यापर्यंत.”

“अगं, मला समोरचं दिसत नाही.”

“मागे बसल्यावर समोर काय दिसतं, ठाऊक आहे तुम्हाला?” बाईंनी नाडी ओढून गाठ मारली. “इतकी वर्षं मी तुमच्या सदऱ्याची शिवण बघत आलेय. पाठ तर आहे फक्त समोर. ती नाही दिसली म्हणून काय बिघडतं?”

आयुष्यभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसलेला तो माणूस मागच्या सीटवर कसा बसायचा, ते मात्र दोन वेळा पाय टाकून बघूनच शिकला.

पहिला फर्लांग मोठा कठीण गेला. मास्तर जिथे-तिथे ब्रेक मारायचे, म्हणजे नसलेला ब्रेक दाबायला पाय रोखून धरायचे, आणि दोघांची पायडलं एकाच वेळी फिरत असल्यामुळे पुढे बाई हिसका खायच्या.

“पाय मोकळा सोडा हो!”

“तू आरशात बघितलंस का वळताना?”

“आरसा कुठाय सायकलला?”

“मग हात तरी दाखव!”

“हात सोडला की पडू आपण!”

रस्त्याने चालणारी माणसं थांबून बघू लागली. एक जुना शिष्य मोटारीतून जाताना ओळखून ओरडला, “मास्तर, सीट बेल्ट लावा!” मास्तरांनी आवाजाच्या दिशेने एक कचकचीत शिवी हासडली आणि पाठोपाठ स्वतःच इतके हसले, की सायकल डुगडुगली.

कालव्याचा रस्ता सपाट होता. झाडांची सावली अंगावरून सरकू लागली. मास्तरांचे पाय आता बाईंच्या पायांबरोबर फिरत होते. बोलणं थांबलं होतं. बाईंना शंका आली, मागे वळून बघावं की काय. पण वळायचं नसतं हे आता त्यांना माहीत होतं.

“अगं,” मागून आवाज आला. अगदी हळू. “डावीकडे बदकं आहेत.”

“हो.”

“पांढरी. पाच-सहा तरी असतील. एक पिल्लू मागे राहिलंय.”

“दिसतायत?”

“कडेला आहेत ना. कडेचं दिसतं.” जरा वेळाने ते म्हणाले, “इथे बदकं कधीपासून आहेत?”

“पहिल्यापासून.”

“मग तू कधी बोलली नाहीस?”

“दर वेळी बोलायचे. तुम्ही रस्ता बघत असायचात.”

पायडल एकाएकी हलकं झालं, इतकं की बाईंना नुसते पाय ठेवून बसलं तरी चाललं असतं.

कालवा संपतो तिथे मोठा चौक आहे. सिग्नल लाल झाला, बाईंनी मागचा ब्रेक आधी दाबला आणि दोघांनी एकेक पाय टेकला. शेजारी एक मोटार येऊन थांबली. काच खाली झाली. चालवणाऱ्याने एकदा सायकलकडे, एकदा हातातल्या फोनकडे पाहिलं.

“काका, ही जाहिरातीतलीच ना? विकायची आहे ती?” त्याचा आवाज अधीर झाला होता. “मी आठवडाभर अशीच शोधतोय. मला काही कमी-जास्त करायचं नाही. तुम्ही लिहिलीय तीच किंमत, रोख. हवी तर आत्ता तुमच्या मागोमाग घरी येतो.”

मास्तरांनी मान किंचित तिरकी केली, तो माणूस डोळ्यांच्या कडेला यावा म्हणून.

“मी नुसता मागे बसतो, बाबा,” ते म्हणाले. “ड्रायव्हरला विचारा.”

तो माणूस बाईंकडे वळला. बाईंनी पदर नीट खोचला. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

“कळवते हं तुम्हाला,” मास्तरीणबाई अगदी गोड हसून म्हणाल्या, आणि “एक-दोन” म्हणून दोघांनी एकदम पाय मारला.