चौदाव्या जागेची वेज

त्या संध्याकाळी भावोजींच्या जेवणाच्या टेबलावर ताटांऐवजी गोल्फच्या स्टिका मांडल्या होत्या. टेबलाच्या पॉलिशला ओरखडे पडू नयेत म्हणून ताईने खाली जुनी चादर अंथरून दिली होती आणि ती स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. तिची धाकटी बहीण दातांची डॉक्टर. दवाखाना बंद करून ती थेट इथेच आली होती. पंचेचाळिशी उलटली, पदरी नावाजलेला दवाखाना, तरी भावोजींच्या लेखी ती अजून ‘छोटी’च होती.

क्लबातल्या जोडीच्या स्पर्धेची पहिली फेरी परवावर आली होती. भावोजींच्या नेहमीच्या जोडीदाराची पाठ धरली म्हणून यंदा छोटीची वर्णी लागली होती. या खेळात दोघांत चेंडू एकच, तो आळीपाळीने मारायचा. दोघांनी मिळून बॅगही एकच घ्यायची असं ठरलं, आणि नियमाने त्यात चौदाच स्टिका बसत होत्या. बाकीच्या अकरांवर फारशी घासाघीस झाली नाही. उरल्या तीन जागा. त्या वेजना द्यायच्या होत्या, म्हणजे हिरवळीजवळ पोचल्यावर चेंडू अलगद उचलून खड्ड्याजवळ टाकायच्या तिरप्या तोंडाच्या स्टिकांना.

“पिचिंग वेज तुमची घेऊ,” डॉक्टरीण म्हणाली. “मग माझी बावन्न अंशांची. ती नसेल तर मधल्या अंतराला आपण दोघंही चाचपडणार. आणि तिसरी माझी छप्पन्नची. तिचा तळ रुंद आहे. आपल्या बंकरमधली वाळू पिठासारखी आहे, अरुंद तळाची स्टिक त्यात रुतून बसते.”

“आणि माझी साठची?”

“ती राहू द्या घरी. तिचा फटका साधला तर टाळ्या, नाही साधला तर चेंडू आपल्याच पायाशी.”

भावोजी हसले. तोंडातली दात कोरायची काडी त्यांनी या गालातून त्या गालात सरकवली. “अगं, गेल्या वर्षीचा कप हिने आणलाय,” ते म्हणाले, आणि अंगठा जिभेवर ओला करून त्यांनी वेजच्या तोंडावरून फिरवला. लाडक्या कुत्र्याच्या कपाळावरून फिरवावा तसा. “बघ तरी हातात घेऊन.”

डॉक्टरिणीने आधी चादरीच्या टोकाने ती थुंकी पुसली, मग वेज दिव्याखाली धरली. तोंडावरच्या आडव्या खाचांवरून तिचं बोट गेलं आणि थबकलं. वीस वर्षं तिच्या हातात कोरायची हत्यारं होती; ताजी घासलेली कड तिला डोळे मिटूनही कळली असती. कारखान्यातून येणाऱ्या खाचेची कड किंचित गोल असते. ही ब्लेडसारखी होती, आणि खाचांच्या पोटात कोऱ्या धातूची चमक होती. एवढ्या धारदार खाचा चेंडूला ओरबाडून धरतात. ओल्या गवतातून मारला तरी चेंडू पडतो तिथेच चिकटल्यासारखा थांबतो. म्हणूनच असं करायला मनाई आहे.

“खाचा कोरून घेतल्यात तुम्ही.”

“साफ करून घेतल्यात.”

“भावोजी, हे साफ करणं नाही.”

“तू दातांचं बघ, हे आमच्यावर सोड.” स्वतःच्या विनोदावर ते इतके खूश झाले की हसताना काडी चादरीवर पडली. ती त्यांनी उचलली आणि परत तोंडात घातली. “सगळेच करतात छोटी. कुणी बोलत नाही, एवढंच.”

“जाऊ दे ना गं,” दारातून ताई म्हणाली. “एवढ्या-तेवढ्यावरून कशाला?”

डॉक्टरिणीने ताईकडे पाहिलं, तशी ताईने नजर खाली वळवली. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. किडलेल्या दाढा, पू, सडका वास यांत तिचा दिवस जायचा आणि तरी ती दुपारी पोटभर जेवायची. आजारी माणसाची तिला कधी घाण वाटली नव्हती. इथे मात्र वाटली.

“ही बॅगेत असेल तर मी खेळणार नाही.”

“बरं बाई. राहिली घरी.”

सामन्याच्या सकाळी भावोजी हातगाडीवर बॅग लावून हजर होते. “गाडी मी ओढतो, तुला हवी ती स्टिक मागायची,” असं त्यांनीच सांगितलं. समोर एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि त्यांची सून होती. या सासू-सुनेचं घरात पटत नाही आणि मैदानावर त्यांच्यासारखी जोडी नाही, असं क्लबात म्हणायचे. सकाळभर खेळ अटीतटीचा झाला. डॉक्टरिणीचा हात चांगला बसला होता. दोन वेळा तिने रुंद तळाच्या छप्पन्नने बंकरमधून चेंडू असा काढला की मुख्याध्यापिकाबाईंनी मान डोलावली. त्या संध्याकाळची वेज ती जरा विसरली होती.

शेवटून तिसऱ्या खड्ड्याच्या वाटेवर तिचा फटका वाकडा गेला. चेंडू हिरवळीच्या कडेला, सावलीत अजून दवाने ओल्या राहिलेल्या उंच गवतात जाऊन बसला. आता भावोजींची पाळी. तिथून चेंडू उचलला तरी तो घरंगळत पलीकडच्या उतारावर जाणार हे चौघांनाही दिसत होतं. भावोजींनी बॅगेतून वेज ओढली आणि फारसं न थांबता फटका मारला. चेंडू वर गेला, हिरवळीवर टेकला, एकदा उडाला आणि जागच्या जागी थांबला. सून “वा” म्हणायला गेली आणि मध्येच गप्प झाली.

नियमाप्रमाणे जागेवर खूण ठेवून डॉक्टरिणीने चेंडू उचलला. त्याच्या गुळगुळीत पांढऱ्या कातडीवर बारीक सालपटं निघाली होती. ती बॅगेपाशी गेली. तिची बावन्नची वेज जागेवर नव्हती. तिच्या जागी चौदावी म्हणून भावोजींची साठची येऊन बसली होती.

“माझी वेज कुठे आहे?”

“गाडीच्या डिकीत. हवी कशाला होती तुला?” भावोजी जवळ आले, तिच्या हातातून चेंडू घेतला, सालपटांवरून जीभ फिरवून तो चाटून स्वच्छ केला आणि तिच्यापुढे धरला. “मार आता. एवढ्याशा अंतरावर आहे.”

ओल्या चेंडूवर त्यांच्या थुंकीचा फेस होता. डॉक्टरिणीने हात मागे घेतला.

“थांबा,” ती समोरच्या जोडीला म्हणाली. “आमची जोडी बाद झाली. आत्ताचा फटका कोरलेल्या वेजने मारलाय.”

भावोजींचा चेहरा पडला नाही. त्यांनी फक्त मुख्याध्यापिकाबाईंकडे पाहिलं, जणू या पोरीला जरा समजावा. बाईंनी हातमोजा सावकाश काढला.

“माहीत आहे गं मला. गेल्या वर्षी आम्ही याच वेजपुढे हरलो.”

“मग बोलला का नाहीत?”

“क्लबाच्या इमारतीला नवं छप्पर कुणी घालून दिलं? बोलून काय उपयोग?” बाईंचा आवाज वर्गात हजेरी घ्यावी तितका सपाट होता. सून बुटाच्या टोकाने गवत उकरत राहिली.

डॉक्टरिणीला वाटलं होतं, खरं बोललं की मोकळं वाटेल. पण या शिस्तीच्या बाई, ती सून, चहा ओतणारे, कप पुसून कपाटात ठेवणारे, सगळे हे गिळून बसले होते. घाण एका माणसाची नव्हती.

क्लबाच्या सचिवाने तिला खोलीत बसवून पाणी दिलं. चष्मा पुसत, इकडचं-तिकडचं बोलत तो हळूच मुद्द्यावर आला. “डॉक्टर, तुमची तब्येत बिघडली म्हणून सामना सोडला, असं जाहीर केलं तर? कुणालाच वाईट वाटायला नको.”

“करा जाहीर. मी दारात उभी राहून खरं काय ते सांगेन.”

शेवटी त्याने फलकावर त्यांच्या जोडीपुढे ‘बाद’ एवढंच लिहिलं, कारण काही दिलं नाही. बाहेर गाड्या लावायच्या जागेत भावोजींनी डिकी उघडली आणि तिची बावन्नची वेज खडीवर टाकली. “माणसं ओळखायला शिक छोटी,” ते म्हणाले, आणि निघून गेले.

ताईचा फोन आला नाही. डॉक्टरिणीनेही केला नाही. भावोजींइतकाच तिला ताईचाही राग होता. दारात उभी राहून ‘जाऊ दे’ म्हणणारी ताई डोळ्यांपुढे आली की तिचं तोंड कडू व्हायचं. नवरा विचारायचा, बहिणीशी बोललीस का, तेव्हा ती विषय बदलायची.

मग एका दुपारी ताईच दारात उभी राहिली. हातात पिशवी नाही, पर्स नाही. आल्या आल्या ओट्याशी टेकली. डॉक्टरीण भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही.

“बोल,” ती म्हणाली. “तुलाही ऐकवायचं असेल काही.”

“मला काही ऐकवायचं नाही.” ताई म्हणाली. “त्यांनी मला सांगितलं, जा आणि तिला माफी मागायला लाव. गाडीतून आणून सोडलंय. खालीच थांबलेत.”

“आणि तू आलीस.”

“आले.” ताईने नळ सोडला, हात धुतले, विनाकारणच. “छोटे, तुला एक दिवस किळस आली आणि तू तिथून निघून आलीस. मला रोज येते. समोर बसून जेवतानाही येते. मी कुठून निघून जाऊ?”

डॉक्टरिणीच्या हातातली सुरी तशीच राहिली. एवढी वर्षं ती ताईला भित्री समजत होती, आणि त्यात तिला एक प्रकारचं समाधानही मिळत होतं. ते आत्ता तिला कळलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

सुरी ठेवून ती मागच्या खोलीत गेली. तिथल्या पाहुण्यांच्या पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता. ती तो उचलून खुर्चीवर टाकायला लागली. ताई मागोमाग दारापर्यंत आली.

“आज नाही गं,” ती म्हणाली.

“मी कुठे आज म्हणतेय?”

खालून हॉर्न वाजला. मग पुन्हा, जरा लांबवून. ताई पलंगाच्या कडेला बसली, ढिगातला एक शर्ट मांडीवर घेतला आणि त्याच्या बाह्या सरळ करायला लागली. डॉक्टरिणीने खिडकी लावून घेतली.