कधीकधी हात लावू देणारा घोयरा

न्यागुथी म्हातारीला दोनच गोष्टींची शिसारी होती: दुधात पडलेली माशी आणि घोयरा सरडा. माशी निदान बोटाने काढून फेकता येते. घोयरा मात्र कुंपणात बसून एक डोळा पुढे, एक डोळा मागे फिरवत राहतो. कातडी अशी खरबरीत की नुसतं बघून हात धुवावेत. शिवाय माणसं मरतात तीही याच मेल्यामुळे. 'तुम्ही मरणार नाही' हा निरोप देऊन देवाने याला धाडलं, तर हा डुलत डुलत आला आणि 'त-त-त' करत बसला. तोवर एका पाखराने येऊन उलटाच निरोप सांगून टाकला. एवढं करून वर तीन शिंगं मिरवायची!

आणि नातीला पाळायला नेमका तोच हवा होता.

नात नैरोबीत वाढलेली. थोरली म्हणून बापाच्या आईचं नाव तिला मिळालं, म्हणजे तीही न्यागुथीच. शाळेत मात्र शेरिल. सुट्टीला आली त्या दिवशी म्हातारीने झडप घालून तिला कवटाळलं आणि थोरांनी द्यावा तसा आशीर्वाद दिला, तिच्या छातीवर थू थू करून थुंकली. पोरगी किंचाळलीच. "शी! माझ्यावर थुंकली!" म्हणत नळाखाली जाऊन उभी राहिली. तेव्हापासून ती आजीच्या हातचा मुकिमो खाई, पण आजीचा हात काही अंगाला लागू देईना. उद्या बाप न्यायला येणार होता. आपल्याच नावाची पोर आपल्याला ओंगळ समजून परत जाणार, हे म्हातारीच्या जिवाला फार लागलं होतं.

"शोशो, तीन सापडले!" कुंपणापासून नातीची हाक आली. आजीला ती शोशोच म्हणे. "ये ना, निवडायचाय."

"मी? त्या घाणीत?"

"पप्पा फ्लॅटवर ठेवू देणार नाहीत. तो इथेच राहणार, तुझ्या कॉफीच्या झाडावर. मी सुट्टीत येईन त्याला भेटायला. पण कधीकधी तुलाच उचलावा लागेल, म्हणून तुझ्या हाताला चालणारा हवा."

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, पण त्याच्या मागे नात पुन्हा घरापर्यंत येणार असेल तर काय करता? म्हातारी नाक मुरडत उठली.

पहिल्याने तिला बघताच तोंड वासलं, फुसफुसला आणि काळाठिक्कर पडला. दुसरा फांदीवर डोळे मिटून गप्प होता.

"हाच घे. गरीब आहे बिचारा."

"गरीब नाही, आजारी आहे. दिवसाढवळ्या डोळे कोण मिटतं?"

तिसरा हिरवागार, निवांत. म्हातारीने श्वास कोंडला आणि एकदाचं उरकावं म्हणून वरून हात घातला.

"वरून नको गं! त्याला वाटतं, घारच आली. हात खालून पुढे कर आणि थांब. त्याला वाटलं तर येईल."

थांबणं म्हातारीला जन्मात जमलं नव्हतं. तरी ती थांबली. घोयऱ्याने एक डोळा तिच्याकडे वळवला, दुसरा नातीकडे. मग एक पाय उचलला, हवेतच डुलवत ठेवला आणि हळूच तिच्या बोटावर रोवला. गार, चिमट्यासारखा. पाठोपाठ दुसरा. शेपटीचा वेढा करंगळीला पडला तेव्हा म्हातारीने तोंड फिरवलं. घोयरा मनगटावर चढला, स्थिरावला आणि तिथेच घाण करून मोकळा झाला.

"हगला मेला! ई ई ई! अगं, ओलं ओलं आहे गं!"

डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हात तिने झटकला नाही. शेरिल पोट धरून हसत होती. तिने ते ओघळलेलं पांढरं बघितलं, मग आजीचं वाकडं झालेलं तोंड.

"तरी टाकला नाहीस त्याला," ती म्हणाली.

"तुझा आहे ना. कुठे टाकू?"

पोरगी जवळ आली. तिने फ्रॉकचं वरचं बटण काढलं, डोळे गच्च मिटले, नाक मुरडलं, अगदी आजीसारखंच.

"थुंक. पण थोडंसंच. आणि दर वेळी नाही हं, कधीकधी."

किळसेने म्हातारीच्या तोंडाला केव्हाची कोरड पडली होती. घोयरा तसाच हातावर धरून तिने कशीबशी जिभेवर थुंकी गोळा केली.