गंधकाचे टाके

धाकट्या जावेला आमच्या प्रयोगशाळेत मीच लावून घेतलं. पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

विषांच्या खोलीचा ताबा यंदा आम्हा दोघींपैकी एकीला मिळणार होता. ती शाळेत दप्तर घेऊन जायची तेव्हापासून मी तिथे राबतेय, त्यामुळे तो माझाच, हे मी धरून चालले होते. तेवढ्यात धाकटीने शोध लावला, की विंचवाच्या विषातलं एक प्रथिन कितीही उकळा, निकामी होत नाही. उकळलेलं विष टोचलं तरी अळी तशीच आखडते. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना तिचं कौतुक आवरेना. घरी सासूबाईंनीही तेच दळण लावलं. माझ्या भाजीत मीठ जास्त पडलं, ते मात्र लगेच सगळ्यांच्या लक्षात आलं.

मी जळत होते. उगाच आडपडदा कशाला?

प्रथिनाचं सगळं काम त्याच्या घडीवर चालतं. तापवलं की घडी विस्कटते, आणि घडी विस्कटली की विष संपलं. उकडलेलं अंडं कधी पुन्हा पातळ होतं का? मग हिचंच विष काय आभाळातून पडलंय? म्हटलं, आपण स्वतः करून बघू.

सुट्टीच्या दिवशी एकटीच गेले. फ्रिजमधली माझी नेहमीची द्रावणाची बाटली काढली. तिचं विष त्यात मिसळलं, उकळलं, निववलं, अळ्यांना टोचलं. अळ्या मजेत वळवळत राहिल्या. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

लगेच फोन करून सरांना आणि धाकटीला बोलावून घेतलं. "आता बोला," मी ट्रे पुढे सरकवला.

धाकटी वाकली आणि तिने नाकाला रुमाल लावला. "ताई, कुजक्या अंड्यांचा वास येतोय. द्रावण कुठलं घेतलंत?"

"नेहमीचंच."

सरांनी बाटली हुंगून मान मागे घेतली. माझ्या कामासाठी मी प्रत्येक बाटलीत एक घाणेरडं रसायन घालते. प्रथिनाच्या घडीला आतून गंधकाचे टाके असतात, ते हे रसायन उसवतं. त्याचा वास माझ्या नाकाला कधीचाच येईनासा झाला होता, त्यामुळे ते बाटलीत आहे हेच मी विसरले होते.

सर हसायला लागले. "म्हणजे टाके शाबूत तर विष उकळूनही टिकतं, टाके उसवले तर जातं. अहो, हाच पुरावा तिच्याकडे नव्हता. लेखात तुमचं नाव दुसरं घालू."

पहिलं कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. खोलीची किल्लीही त्यांनी तिच्याच हातात ठेवली.

"मला हे सुचतच नव्हतं, ताई," धाकटी म्हणाली. "माझ्यासाठी सुट्टी घालवलीत तुम्ही." ती खरंच तसं समजत होती. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

घरी सासूबाई म्हणाल्या, "जावा असाव्यात तर अशा." मी बेसिनशी पुन्हा पुन्हा हात धूत होते. धाकटी जवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "अजून येतोय वास, ताई."

मी हात नाकाशी नेले. मला कसलाच वास आला नाही.