एकावन्न नारळांचं उड्डाण

अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय शहरापासून तासाभरावर, सोयाबीनच्या शेताला लागून एक छोटं विमान-म्युझियम होतं. तिथे १९२९ सालचं दुपंखी बॉम्बर उभं असायचं. कापडी अंग, दोन इंजिनं. असं एकच बनलं, आणि तेही जमीन सोडून कधी उठलं नाही. समोर पाटीच होती : 'कधीही न उडालेलं.'

आमच्या मराठी मंडळातल्या देवयानीची पीएचडी या अपयशावर. तिचं म्हणणं, विमानाचं नाक हलकं आणि शेपूट जड. पुढे थोडं वजन टाकलं असतं तर उडालं असतं. प्रोफेसर म्हणायचे, पुरावा दे. त्यात म्युझियमला जागा हवी होती, म्हणून सोमवारी विमान तोडायला माणसं येणार होती. तिची तीन वर्षं त्याच्यासोबत भंगारात जाणार.

आदल्या दिवशी रविवार, २००३चा दसरा.

"काका, शेवटची मापं घ्यायची आहेत. राइड द्याल?"

मंडळाच्या कार्यक्रमाचे एकावन्न नारळ आणि पूजेचं सामान माझ्या गाडीत होतं. म्हटलं, वाटेत तिकडून जाऊ.

विमान बघितलं आणि माझ्यातला रिटायर्ड इंजिनिअर अस्वस्थ झाला. दसऱ्याला यंत्राची पूजा नाही, नुसती टेप लावायची?

"काका, उद्या ते स्क्रॅप होणार आहे!"

"म्हणून आज हार घालू नये?"

पंख्याला झेंडूचा हार घातला, नाकाला कुंकू लावलं. नारळांचं पोतं देवासमोर ठेवावं तसं विमानाच्या नाकातल्या बंदूकवाल्याच्या बैठकीत ठेवलं. राहिली लिंबं. नव्या गाडीच्या चाकांखाली ठेवतो तशी ठेवायला गेलो, तर तिथे लाकडी ठोकळे. काढले. नाहीतर लिंबं ठेवणार कुठे?

"काका, ठोकळे नका—"

लिंबं फचकन फुटली. पुढे उतार होता आणि समोरून तळ्यावरचा वारा. विमान हँगरच्या दारातून बाहेर पडलं, शेपूट अलगद उचललं गेलं. मॅनेजर वॉल्टर कॉफी घेऊन येत होता. तो बाजूला झाला.

"कुठे चाललंय ते?"

"सीमोल्लंघनाला," मी म्हटलं.

कुंपण ओलांडून ते शेतात रुतलं. मी म्हणतो, चार हात वर गेलं होतं. वॉल्टर म्हणाला, उंचवट्यावर उसळलं असेल. देवयानी टेप घेऊन शेतात गेली. मऊ मातीत चाकांच्या खुणा एका जागी संपत होत्या आणि एक्केचाळीस फुटांवर पुन्हा सुरू होत होत्या. मधलं सोयाबीन ताठ उभं.

वॉल्टरनं वाकून ते सोयाबीन हातानं चाचपून बघितलं.

सोमवारी ट्रक आला. वॉल्टरनं तोडायला आलेल्यांचा कागद वाचला आणि परत दिला. "यात 'कधीही न उडालेलं विमान' लिहिलंय. तसलं आमच्याकडे नाही."

प्रोफेसरांनी फक्त नारळांचं वजन विचारलं. तोवर मंडळात नारळांच्या वड्या झाल्या होत्या. त्या करणाऱ्या रेखाकाकूंनी वड्यांवरून वजनाचा हिशेब करून दिला, आणि तो प्रबंधाच्या परिशिष्टात आहे.

आता दर दसऱ्याला विमानाला हार असतो. लिंबं ठोकळ्यांच्या पुढे ठेवतो.