बोटीवर रेंज नसते

नळ दाबला की घोटभर पाणी यायचं आणि बंद व्हायचं. शोभनाताई पुन्हा दाबत होत्या, ओंजळ भरत होत्या आणि डोक्यावर ओतत होत्या. आगगाडीतला टीचभर संडास, त्यात गाडीचे हेलकावे. निम्मं पाणी कॉलरमधून पाठीवर उतरत होतं. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. त्यांनी पुन्हा नळ दाबला. सख्खी बहीण गेल्याचं कळल्यावर माणूस आधी अंघोळ करतं. इथे अंघोळ म्हणजे एवढीच, आणि तीही अक्का जाऊन आठवडा होत आल्यावर.

कळलं ते आत्ताच, आणि कळावं कुणाकडून, तर मनोहरपंतांकडून. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेचे हे गृहस्थ टूरमध्येच ओळखीचे झालेले. काचेच्या छपराच्या डब्यात सगळे माना वर करून डोंगर बघत होते, तेव्हा ते पलीकडच्या सीटवरून वाकून हळू आवाजात म्हणाले होते,

"वहिनी, तुमचं मला खरंच कौतुक वाटतं. नागपूरची बहीण गेली, पण तुम्ही चेहऱ्यावर दिसू दिलं नाहीत. आमची ही गेली तेव्हा मी दोन महिने घराबाहेर पडलो नव्हतो."

"तुम्हाला कोणी सांगितलं?" शोभनाताईंनी विचारलं होतं. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला होता.

"सगळ्यांना ठाऊक आहे की. अवधूतने तेव्हाच सांगून ठेवलंय, काकूंसमोर विषय काढू नका, त्यांना त्रास होतो."

अवधूत म्हणजे जर्सीतल्या मराठी मंडळींना अलास्का दाखवायला घेऊन निघालेला टूर लीडर. आधी बोट, मग आगगाडी, सगळीकडे त्याची नारिंगी टोपी पुढे. त्याला हे हिमानीने सांगितलं असणार, यात शंकाच नव्हती. पोटच्या पोरीने बावीस अनोळखी माणसांना सांगितलं, आणि आईला सोडून. मग शोभनाताईंना एकेक आठवायला लागलं. खिडकीची जागा रोज त्यांनाच मिळायची. श्रीखंड-पुरीच्या दिवशी कोणीतरी न विचारता त्यांच्या ताटात दुसऱ्यांदा श्रीखंड वाढलं होतं आणि त्यांनी ते बोटं चाटून संपवलं होतं. त्यांना वाटलं होतं, आपण लोकांना आवडतोय. कसली मूर्ख बाई.

त्या ओल्या केसांनी बाहेर आल्या आणि डब्यात न जाता टोकाच्या उघड्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. वारा असा होता की तिथे दुसरं कुणी नव्हतं. आईला कसा उशीर झाला म्हणून शोधत हिमानी तिथे आली. तिच्या हातात शोभनाताईंचं जाकीट होतं.

"आई, केस ओले का तुझे? आत चल, फ्रीझ होशील इथे."

"अक्का कधी गेली?"

हिमानीने जाकीट छातीशी धरलं. ती वेस्ट विंडसरला एका मोठ्या रिसर्च कंपनीत पन्नास माणसं सांभाळते, पण आत्ता ती त्या जाकिटाची चेन वर-खाली करत राहिली.

"कधी गेली, विचारतेय मी."

"बोटीवरच्या पहिल्याच दिवशी, आपण ती व्हेल बघितली ना, तेव्हा. तिकडे सकाळी चहा ठेवताना. मॅसिव्ह हार्ट अटॅक. आई, ऐक ना, तू बोटीवर होतीस. तिथून नागपूरला पोचायला तीन दिवस लागले असते. निधी घरात एकटी, तिला आईची बॉडी ठेवणं शक्य नव्हतं. तुझं बीपी, परत समुद्राच्या मधोमध, डॉक्टर कसला तिथला. मी ठरवलं की ट्रिप होऊ दे, घरी गेल्यावर नीट बसून सांगू."

"तू ठरवलंस."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"सांगायला हवं होतं. रडले असते मी. एवढंच झालं असतं. रडून कुणी मरत नाही, हिमानी. मी माझ्या केबिनमध्ये बसून रडले असते आणि तुझ्या त्या ग्लेशियरकडे पाठ केली असती. म्हणून सांगितलं नाहीस. इतक्या हौसेने ट्रिप काढली आणि आई रडत बसली, हे तुला नको होतं."

"हे अनफेअर आहे."

"अनफेअर?" शोभनाताई एवढंच म्हणाल्या. इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडात दगडासारखा वाटला.

पुण्याहून हिमानीकडे अमेरिकेत आल्यापासून रोज सकाळी त्या नागपूरला फोन करायच्या. अक्काची तिकडे दिवेलागण झालेली असायची आणि त्यांचा इकडे चहा. बोटीवर चढल्यावर तो फोन बंद पडला. हिमानी म्हणाली होती, बोटीवर रेंज नसते. त्यांनी मान्य केलं. आणि अक्काला सांगायच्या गोष्टी साठवत राहिल्या. बर्फाचा कडा पाण्यात कोसळतो तेव्हा तो दिसतो आधी आणि आवाज मागाहून येतो. इथल्या बायका हातमोजे घालून आइस्क्रीम खातात. रोज रात्री झोपताना त्या मनातल्या मनात अक्काला हे रंगवून सांगायच्या आणि अक्का हसायची. अक्का तेव्हा नव्हतीच. त्या एका मेलेल्या बाईला गमती सांगत होत्या आणि शेजारच्या पलंगावर त्यांची मुलगी हे ठाऊक असून मोबाइल बघत पडलेली असायची.

तेवढ्यात त्यांना दुसरंच काही आठवलं आणि त्यांनी गॅलरीचा गज धरला.

"व्हेल बघितली त्याच संध्याकाळी तो कार्यक्रम होता."

हिमानीने जाकीट आईच्या खांद्यावर टाकलं.

अवधूतने जहाजावर आजीबाईंची स्पर्धा ठेवली होती. कोळीगीतावर नाचायचं, जिंकणारी हिमराणी. शोभनाताई पदर खोचून नाचल्या होत्या आणि जिंकल्या होत्या. पुठ्ठ्याचा चंदेरी मुकुट घालून त्यांनी दोन्ही हात वर केले होते, आणि अवधूतने फोटो काढला होता. तो रोजच्या रोज फोटो टूरच्या पेजवर टाकायचा आणि ज्याला-त्याला टॅग करायचा. हिमानीने रेंजचा बंदोबस्त केला, अवधूतचा केला, बावीस माणसांच्या तोंडांचा केला. फोटोचं तिच्या लक्षात आलं नाही.

"नागपूरला बघितला का तो फोटो?"

"निधीने बघितला. मामांनी पण. मी नंतर काढायला लावला, पण…" हिमानीने डोळे पुसले. "आई, अजून एक आहे. निधी त्या दिवशी सारखी विचारत होती, मावशीला सांगितलंस का. मी हो म्हटलं. तिला काय सांगणार होते, की तुझी आई गेली आणि आमची क्रूझ खराब होईल म्हणून मी सांगितलं नाही? म्हटलं, आईला सांगितलंय, पण ती बोलण्याच्या स्थितीत नाही. आणि मग संध्याकाळी तो फोटो आला."

गाडी एका वळणावर करकरली. खाली राखी रंगाची नदी होती आणि तिच्यात अख्खी झाडं आडवी पडली होती. शोभनाताईंना वाटलं, आत्ता हिच्या थोबाडीत मारावी. ती चाळीस वर्षांची आहे, मोठी साहेब आहे, तिची मुलगी तिकडे समर कॅम्पला गेली आहे, तरीही मारावी. त्यांनी हात जाकिटाच्या बाहीत खुपसला.

"फोन लाव निधीला."

"इथे रेंज…" हिमानी बोलता बोलता थांबली.

"आली की लाव. मी तिला सांगणार आहे. मला काही माहीत नव्हतं, हे माझ्या तोंडून तिला कळलं पाहिजे. माझी अक्का जळत होती आणि मी मुकुट घालून नाचत होते, हे डोक्यात घेऊन मी मरणार नाही."

"आई, मग ती माझं तोंड बघणार नाही."

"नको बघू दे."

गाडी एका लहानशा लाकडी स्टेशनात थांबली. हिमानीने फोन लावला आणि आईच्या हातात दिला. शोभनाताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिकडे रात्र होती, पण निधीने लगेच उचलला. मी मावशी बोलतेय, असं शोभनाताईंनी सांगितलं.

"हं. बोल मावशी."

थंड, नीट, परक्या माणसाशी बोलावं तसं. ही मुलगी दर मे महिन्यात पुण्याला येऊन शोभनाताईंच्या कुशीत झोपलेली होती.

"निधी, बाळा…"

"कशी चाललीय ट्रिप? मुकुट छान दिसत होता तुला."

खरं काय ते शोभनाताईंच्या ओठांवर आलं होतं. चार शब्दांचं तर होतं, मला सांगितलंच नाही कुणी. त्यांनी श्वास घेतला.

"मावशी, मी रागावले नाहीये," निधी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "खरं तर रागावलेय. पण जाऊ दे. एकटीने अग्नी दिला मी. बाबा असते तर वेगळं. घरात आता रात्री फ्रिजचा आवाज सुद्धा मोठा वाटतो. हिमानीताई रोज फोन करते म्हणून टिकलेय. तास-तास बोलते माझ्याशी. ती एकच राहिलीय मला."

शोभनाताईंनी मान वळवून मुलीकडे पाहिलं. म्हणजे फोन रोज होत होते. बोटीवरून. आपल्याला रेंज नव्हती, तेव्हा. हिमानी डोळे मिटून, शिक्षा ऐकायला उभी राहावी तशी उभी होती.

"मावशी? आहेस ना?"

"आहे."

"मला फक्त एक सांग. तुला कळलं होतं ना तेव्हा? का हिमानीताईने…"

प्लॅटफॉर्मवर कुणीतरी शिट्टी फुंकली.

"कळलं होतं," शोभनाताई म्हणाल्या. "हिमानीने लगेच सांगितलं होतं. मलाच फोन करायचा धीर झाला नाही."

"आणि नाचलीस?"

"नाचले."

मग निधी म्हणाली, "ठीक आहे मावशी. जप स्वतःला," आणि फोन बंद झाला.

गाडी हलली. हिमानी रडत पुढे आली आणि तिने आईच्या गळ्यात हात टाकला. "आई, सॉरी. थँक यू. माझ्यासाठी तू…"

शोभनाताईंनी तो हात काढून बाजूला केला.

"तुझ्यासाठी नाही केलं. तिला बहीण राहावी म्हणून केलं. माझी तर गेली." त्यांनी फोन परत दिला. "तिला रोज फोन करायचा. एक दिवस चुकवायचा नाही. आणि मी गेले की तिला लगेच कळव. ती कुठे असेल, काय करत असेल, ते बघू नकोस."

त्या दार ढकलून डब्यात शिरल्या. मनोहरपंत त्यांच्यासाठी खिडकीची जागा सोडून उठले. शोभनाताई म्हणाल्या, "बसा तुम्ही," आणि मधल्या वाटेजवळच्या सीटवर जाऊन बसल्या.