धोंडीबाच्या नावाचं क्रियापद

या माउली, जरा पुढं सरकून बसा. मागं बसणाऱ्याला टाळ ऐकू येतो, शब्द येत नाही. आणि आजची गोष्ट शब्दाचीच आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात संतांचं नाव येतं, ते आपण कपाळाला लावतो. माणसाच्या नावाची शिवी कशी करतात, ते आज सांगतो.

सन सत्त्याण्णव. पिंपळीचा अनुप मिसाळ बारामतीच्या एका कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता, राहायला होस्टेलवर. इंग्रजी शिकवायला स्वरूपा मॅडम. तिकडं विलायतेतली पोरंटोरं नवे शब्द कसे पाडतात, हे त्यांनी आषाढात एक तास रंगवून सांगितलं. लांब शब्दाचं शेपूट तोडायचं, की लॅबोरेटरीची लॅब होते. दोन शब्द एकमेकांत घुसवायचे, की ब्रेकफास्ट आणि लंच मिळून ब्रंच. आणि कधी कधी जित्या माणसाचं नावच क्रियापद होतं. आयर्लंडात बॉयकॉट नावाचा एक कारभारी होता. लोकांनी त्याला वाळीत टाकलं आणि जगभर वाळीत टाकण्यालाच त्याचं नाव पडलं.

कळंबचा रणजित त्या तासाला वहीत काही उतरवत नव्हता. पण कान देऊन होता.

गणपतीत अनुपचा आजा धोंडीबा भाकरी-चटणीचं गाठोडं घेऊन होस्टेलवर आला. दुपारची जेवणाची रांग लागलेली. म्हातारा रांगेच्या टोकापासून निघाला आणि एकेका पोरापुढं थांबून, हात जोडून, "जयभीम, बाळा. मी धोंडीबा, अनुपचा आजा" म्हणत गेला. चाळीस पोरं. कुणी ताटात बघितलं, कुणी आभाळात. शेवटाला स्वयंपाकाच्या रंगूबाईंनी तेवढं "जयभीम आबा, टेका जरा, पाणी देते" म्हटलं.

म्हातारा फाटकाबाहेर पडतोय न पडतोय, तोच रंगूबाईंकडं जादा भाजी मागणाऱ्या एकाला रणजित म्हणाला, "ए, भाजीसाठी किती धोंडतोस? डोन्ट धोंड, यार!"

पोरं खदखदली. दोन दिवसांत शब्दाला इंग्रजी शेपटं फुटली. रेक्टरकडं रजा मागणारा 'धोंडिंग' करायचा, सरांच्या मागं फिरणारा 'धोंडर' झाला. अनुप आंघोळीला गेला तरी दाराआडून कुणीतरी तेच ओरडायचं. शब्द पुढं वर्गात गेला, मुलींच्या तोंडी बसला. तो आला कुठून, हे मात्र होस्टेलबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर मॅडमनी काम दिलं. तुमच्या बोलण्यातले दहा नवे शब्द आणा. शब्दाचा अर्थ, तो कसा घडला, कशावरून आला आणि पहिल्यांदा कोण बोललं, सगळं लिहा.

आदल्या संध्याकाळी रणजित अनुपच्या खोलीत शिरला. न विचारता वही उचलून वाचली.

"माझं नाव खोड."

"विचारलंय ते लिवलंय."

"आमचं तात्या गावात सप्ताह बसवत्यात. त्यांच्या कानावर गेलं तर चामडी सोलतील माझी."

"मग बोलतानी आठवायचं हुतं."

रणजित वाकून हळू बोलला, "येड्या, तुझ्याच भल्याचं सांगतोय. आज कॉलेजात कुणाला ठावं न्हाय ह्यो धोंड कुणाचा. उद्या तू उभा राहून सांगितलंस, की पोरीबी तुलाच त्या नावानं हाका मारतील. गप बस. शब्दाला बाप नसला तरी चालतंय."

हे खरं होतं, म्हणूनच अनुप पेचात पडला. गप्प राहिलं तर आजाचं नाव बेवारशी शिवी होऊन फिरणार. बोललं तर ती शिवी आपल्याच हातानं आजाच्या गळ्यात बांधायची.

दुसऱ्या दिवशी रणजितनंच आधी वाचलं. "धोंड. अर्थ, लाचारी करणे. मूळ, अज्ञात."

मॅडम हरखल्या. "वा! बघा, भाषा इथं आपल्या बारामतीत जन्मते आहे!" त्यांनी तो शब्द, त्याचा अर्थ, मूळ, सगळं मोठ्या अक्षरांत फळ्यावर काढलं. वर्ग हसला.

अनुप उठला. मॅडमपुढची पुस्तकी भाषा त्याला सुचेना.

"मूळ अज्ञात न्हाय, मॅडम. धोंडीबा मिसाळ, पिंपळी. माझा आजा. पहिल्यांदा बोलला ह्यो रणजित."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आन् अर्थबी चुकलाय. छप्पन्न सालाआधी माझ्या आज्याला दारोदार जमिनीपतुर वाकून जोहार घालावा लागायचा. धर्म बदलला त्या दिवशी त्यानं ठरवलं, आता वाकायचं न्हाय. समोर कुणीबी असू दे, ताठ उभं राहून जयभीम करायचा. होस्टेलात त्यानं चाळीस जणांना केला. एकानंबी उत्तर दिलं न्हाय. यात लाचारी कुठं दिसली, ते ज्यानं शब्द काढला त्यालाच इचारा."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी डस्टर उचललं.

"पुसू नका," अनुप म्हणाला. "फळ्यावरनं जाईल, तोंडातनं जायाचं न्हाय. मूळ लिवा."

मॅडमनी 'अज्ञात'वर काट मारली आणि शेजारी सगळं नाव लिहिलं, गावासकट. तोच रणजित ओरडला, "लिवा, लिवा! आता तर पक्काच झाला. बॉयकॉटवानी अमर हुईल तुझा म्हातारा!"

रणजित आदल्या संध्याकाळी म्हणाला होता तसंच झालं. त्या दिवसापासून अनुपला त्याच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. वाळत घातलेले त्याचे दोन सदरे कुणीतरी ब्लेडनं चिरले. मॅडमनी तक्रार द्यायला सांगितलं, पण साक्षीला एकही पोर उभं राहिलं नाही. अनुप मात्र शब्द कानावर आला की थांबायचा. मेसमध्ये असो, एस.टी. स्टँडवर असो, बोलणाऱ्याला अडवून सांगायचा: हे नाव कुणाचं, गाव कुठलं, त्यानं काय केलं होतं. बहुतेक जण हसले. एकानं कानाखाली मारली. दोघा-तिघांनी मात्र तो शब्द पुन्हा तोंडातून काढला नाही. रणजित त्यांतला नव्हे.

तो शब्द अजून कुठं बोलतात का, मला ठाऊक नाही. तुमच्या नातवंडांच्या तोंडी कधी आला, तर त्यांना रागावू नका, जवळ बसवून ही गोष्ट सांगा. आणि कीर्तनात संतांची नावं घ्याल, तेव्हा त्या पंगतीत थोडी जागा करून पिंपळीच्या धोंडीबा मिसाळांना आठवा, माउली.